मूत्रपिंड : शरीराचे पाणीपुरवठा खाते

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील काही पुनरुक्ती गाळली आहे.)



या जागी खरे तर डॉक्टर उभे राहायला हवे होते. मी जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्य पदविका घेऊन रेल्वेत लागलेला साधा इंजिनीअर. पण गेली तीन-चार वर्षे किडनीच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर इतका वेळ बसलो आहे, की कमिटीतल्या मंडळींना वाटले, याला थोडेफार कळत असेल. जे कळले ते सांगतो. कुठे चुकलो तर समोर बसलेल्या डॉक्टरांनी तिथेच थांबवावे.

आपल्या भागात नवीन मराठी कुटुंब आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘दिल्लीत हिंदूराव हे नाव कुठून आले हो?’ हिंदूराव घाटगे हे कागलचे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला आणि रिजवरचा त्याचा बंगला हिंदूरावांनी घेतला. १८५७ च्या धुमश्चक्रीत इंग्रजांनी तिथेच मोर्चा लावला होता. पुढे त्या जागी रुग्णालय झाले आणि कोल्हापूरकडच्या एका सरदाराचे नाव दिल्लीतल्या रोग्यांच्या तोंडी कायमचे बसले. त्याच आवारात तुघलकांच्या काळातली एक बावडीही आहे. पायऱ्या उतरून पाणी आणायचे आणि टेकडीवर चढवायचे, म्हणजे या वस्तीला पाणीपुरवठ्याची चिंता सहाशे वर्षांपासूनची आहे. माझीही नोकरी तीच. कॉलनीतल्या क्वार्टरांचे पाणी, टाक्या, पंप, नाले. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढले नाही की पहिला फोन मला येतो.

म्हणून दादाच्या डॉक्टरांनी मला किडनीचे काम समजावले तेव्हा मी म्हणालो, ‘साहेब, हे तर आमचेच खाते आहे.’

आपल्याला शाळेत शिकवले की मूत्रपिंड म्हणजे गाळणी. रक्त गाळते, घाण बाहेर टाकते. ते खरे, पण अर्धेच. पाइपलाइनमध्ये दाब दोन गोष्टींवर ठरतो. आत पाणी किती आहे, आणि व्हॉल्व्ह किती आवळला आहे. शरीरातही तसेच. रक्ताचे एकूण प्रमाण आणि रक्तवाहिन्यांचा आकुंचितपणा. हृदय हा पंप. पण पंपाला किती पाणी द्यायचे आणि पाइप किती आवळायचा, या दोन्ही गोष्टींच्या चाव्या मोठ्या प्रमाणात मूत्रपिंडाकडे असतात. ब्लडप्रेशर म्हटले की आपण छातीवर हात ठेवतो. तो हात थोडा मागे, कमरेच्या वर, बरगड्यांखाली न्यायला हवा.

एक मूत्रपिंड जेमतेम दीडशे ग्रॅमचे, आपल्या मुठीएवढे. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. मिनिटाला लिटरभर रक्त! प्रत्येकात सुमारे दहा लाख गाळण्या आहेत, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दिवसभरात त्या १८० लिटर पाणी गाळतात आणि आपण लघवीला जातो दीड लिटर. बाकीचे सगळे परत रक्तात. मी हिशोब करून पाहिला. त्या १८० लिटरांबरोबर जवळजवळ दीड किलो मीठ गाळले जाते आणि त्यातले काही ग्रॅम सोडून सारे परत घेतले जाते. रोज, न थांबता. आधी सगळे बाहेर काढायचे आणि मग हवे तेवढे मोजून आत घ्यायचे, ही पद्धत मला पहिल्यांदा उधळपट्टीची वाटली. नंतर लक्षात आले की हिशोब इतका काटेकोर ठेवायचा तर सगळा माल रोज मोजावाच लागणार. आमच्या स्टोअरमध्ये तो वर्षातून एकदा मोजतात आणि तरीही जमत नाही.

आता मीठ आणि पाणी यांचे नाते पाहा. रक्तातल्या मिठाची तीव्रता शरीर ठरलेली ठेवते. ती एक-दोन टक्के जरी वाढली तरी मेंदूला कळते. तहान लागते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे द्रव्य रक्तात सुटते. ते मूत्रपिंडाला सांगते, पाणी सोडू नकोस. मग लघवी कमी आणि गडद होते. भरपूर पाणी प्यालो तर उलट. म्हणजे पाण्याचा बंदोबस्त तासाभरात होतो. मिठाचा मात्र सावकाश. साधारण नऊ ग्रॅम मीठ एक लिटर पाणी धरून ठेवते. लग्नात जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशी अंगठी घट्ट होते आणि वजन किलोभर जास्त भरते, ते हे पाणी. धडधाकट मूत्रपिंड एक-दोन दिवसांत ते काढून टाकते. थकलेले मूत्रपिंड काढू शकत नाही, आणि ज्यादा पाणी पाइपात राहिले की दाब वाढतो.

दुसरी चावी रेनिनची. इथे मला निसर्गाच्या इंजिनीअरिंगला सलाम करावासा वाटला. प्रत्येक गाळणीतून निघालेली नळी लांब वळसा घेऊन पुन्हा आपल्याच गाळणीच्या तोंडाशी येते, आणि तिथल्या पेशी जाणाऱ्या पाण्यात मीठ किती आहे ते तपासतात. शेजारी आत येणाऱ्या रक्ताचा दाब मोजणाऱ्या पेशी. दाब कमी वाटला किंवा मीठ कमी आले, की रेनिन सुटते. यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनावर ते काम करते, पुढे मुख्यतः फुप्फुसात त्याचे अँजिओटेन्सिन बनते. हे अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळते, तहान लावते आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावते. ते अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला म्हणते, मीठ परत घे. व्हॉल्व्हही आवळला, पाणीही वाढवले. अपघातात रक्त गेले, जुलाब झाले, तर याच साखळीने जीव वाचतो.

घोटाळा होतो तो मोजणी चुकली की. आमच्याकडे एकदा टाकीच्या आतला फ्लोट अडकला. टाकी भरून वाहत होती, पण फ्लोट खाली, म्हणून पंप चालूच. मूत्रपिंडाचे असेच होते. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी चिमट्याने थोडी आवळली. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचले, त्याला वाटले साऱ्या शरीरातच दुष्काळ पडला, आणि कुत्र्याचे रक्तदाब चढले. रेनिन हे द्रव्य त्याआधी १८९८ मध्येच स्टॉकहोममध्ये टिगरश्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडातून काढले होते, पण त्याचे मोल कळायला इतकी वर्षे गेली.

आणि आता मुख्य गोष्ट. वाढलेला दाब सर्वांत आधी नाजूक जाळीलाच मारतो. गाळण्या खराब होतात. उरलेल्यांवर भार वाढतो. मीठ साचते, रेनिन वाढते, दाब आणखी चढतो, आणखी गाळण्या जातात. मूत्रपिंड बिघडले म्हणून प्रेशर, की प्रेशरमुळे मूत्रपिंड बिघडले, हे पुढे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आणि हे सगळे चालू असताना माणसाला काही होत नाही. दुखत नाही, खुपत नाही. रक्तातले क्रिएटिनिनसुद्धा साधारण निम्मे काम जाईपर्यंत ठीकच दिसू शकते.

माझ्या दादाचे हेच झाले. दादा भुसावळला शाळेत क्लार्क. २०११ मध्ये दात काढायला गेला, तेव्हा प्रेशर १५०/१०० निघाले. गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी तपासले तर १३० वर आलेले. दादा म्हणाला, बरे झाले, आणि गोळी बंद केली. वहिनीने दोनदा आठवण केली तर ‘एकदा लागली की आयुष्यभर घ्यावी लागते, नको ती सवय’ असे उत्तर मिळाले. हे वाक्य या मंडपात किती जणांनी म्हटले आहे, हात वर करू नका, मला माहीत आहे. दहा वर्षे दादा ठणठणीत. रात्री दोन-तीनदा लघवीला उठायचा, ते वयाने म्हणायचा. लघवीला फेस येतो हेही त्याने नंतर सांगितले. २०२१ च्या दिवाळीत पाय सुजले, सकाळी मळमळ, अंगाला खाज. क्रिएटिनिन ९. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आकसलेली. त्याला इकडे आणला. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत त्याची कॉट लागली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले.

डायलिसिस म्हटले की माझ्या वडिलांच्या पिढीला जयप्रकाश नारायण आठवतात. जून १९७५ मध्ये त्यांना इथे दिल्लीत अटक झाली, चंदीगडला ठेवले, नोव्हेंबरमध्ये सोडले तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. मुंबईच्या जसलोकमध्ये डायलिसिस सुरू झाले. पुढे लोकांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी यंत्र घेतले. पंतप्रधान निधीतून आलेले पैसे त्यांनी परत पाठवले. ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात ते गेले. म्हणजे जवळजवळ चार वर्षे ते यंत्राच्या आधाराने जगले, आणि त्याच चार वर्षांत देशातले सरकार बदलले. जसलोकमध्ये त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. एम. के. मणी पुढे चेन्नईला गेले. तिथल्या जवळच्या खेड्यांत त्यांनी गावातल्याच मुलींना शिकवून घरोघर प्रेशर आणि लघवी तपासण्याचे काम उभे केले, आणि औषधे दिली ती अगदी स्वस्तातली, जुनी. यंत्रे आणि प्रत्यारोपण यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला शेवटी प्रेशरचा पट्टा जास्त कामाचा वाटला, हे मला फार बोलके वाटते.

यंत्र काय करते? चार तास, आठवड्यातून तीनदा, म्हणजे १६८ तासांपैकी १२ तास ते मूत्रपिंडाची नोकरी करते. उरलेले १५६ तास प्यालेले पाणी अंगातच. दादाला दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिले होते. त्यात चहा, वरण, ताक, गोळीचा घोट, सगळे आले. दिल्लीचा मे महिना आणि पाऊण लिटर! वहिनी सकाळी एक बाटली भरून ठेवायची, दादा जे काही प्यायचा तेवढे त्यातून ओतून टाकायची. बाटली संपली की दिवस संपला. तरीही दोन डायलिसिसच्या मध्ये वजन अडीच किलो वाढायचे. मग चार तासांत ते पाणी काढताना दादाचे प्रेशर खाली यायचे, पायात गोळे यायचे, तो पट्टी धरून ओरडायचा.

तिथल्या सिस्टरने वहिनीला एक गोष्ट सांगितली. ‘पाण्यावर पहारा नका ठेवू, मिठावर ठेवा.’ गावाहून येणारा डबा आम्ही उघडला. लोणचे, पापड, सांडगे, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. सगळे माझ्या मुलांच्या नावाने बाजूला गेले. तीन आठवड्यांत दादाची तहानच कमी झाली. बाटलीत पाणी उरायला लागले. मेंदू मिठाची तीव्रता मोजतो, असे मी मघाशी म्हणालो, ते आमच्या स्वयंपाकघरात खरे झाले.

बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून मीठ मिळते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. निरोगी माणसाला त्याचा फायदाही होतो, पण ज्याचे मूत्रपिंड कमजोर आहे त्याच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदय बंद पडू शकते. दादासाठी मीच कौतुकाने असा एक पुडा आणला होता. डॉक्टरांनी विचारले म्हणून कळले.

२०२२ मध्ये प्रत्यारोपणाचा विषय निघाला. कायद्याने भाऊ, बहीण, आई-वडील, मुले, पती-पत्नी देऊ शकतात. माझा आणि दादाचा रक्तगट एक. मी घरी कुणाला न विचारता होकार देऊन आलो. एक मूत्रपिंड दिले तरी दुसरे काम सांभाळते, हे तोवर वाचले होते. तपासण्या सुरू झाल्या. दंडाला एक यंत्र बांधून दिले, ते दिवसरात्र दर अर्ध्या तासाने प्रेशर मोजायचे. लघवीही तपासली. आठवड्याने डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावले. माझे प्रेशर दिवसा १५८/१०२, झोपेतही उतरत नव्हते. लघवीत प्रथिन जात होते. ते म्हणाले, ‘तुमची किडनी घेता येणार नाही. ती तुम्हालाच पुरवून वापरायची आहे.’

मला काही होत नव्हते हो. जिने चढत होतो, उन्हात साइटवर उभा राहत होतो. ठरलेल्या वैद्यकीय तपासणीत एकदा प्रेशर जास्त आले होते, तेव्हा ‘धावत आलो’ म्हणून पुन्हा मोजून घेतले होते. बाहेर बाकावर दादा बसला होता. त्याने विचारले, ‘काय म्हणाले?’ मी म्हणालो, ‘अजून एक रिपोर्ट यायचा आहे.’ घरी पोचेपर्यंत खरे सांगता आले नाही. ज्या गोष्टीने दादाची मूत्रपिंडे गेली, तीच मी त्याला द्यायला निघालेल्या मूत्रपिंडात होती.

तेव्हापासून मी गोळी घेतो. औषधांचीही एक गोष्ट आहे. १९४५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, तेव्हा जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला देण्यासारखे प्रेशरचे खात्रीचे औषध नव्हते. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि साऱ्या जगाचे लक्ष वेधले. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधा नसांच्या टोकांवर काम करते. रेनिनची साखळी तोडणारी औषधे नंतर आली. त्यांचा धागा ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषातून मिळाला, आणि १९८१ मध्ये कॅप्टोप्रिल बाजारात आले. आजची रामिप्रिल, एनालाप्रिल त्याच घराण्यातली, आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन ही त्यांची चुलत भावंडे. एका औषधाच्या नावात साप, दुसऱ्याच्या मुळाशी साप. आपल्या बाप्पाने पोटाला नाग उगीच बांधलेला नाही, असे मी गमतीने म्हणतो.

या गोळ्या दाब तर उतरवतातच, शिवाय गाळणीच्या आतला ताणही कमी करतात, म्हणून लघवीतले प्रथिन घटते. पण सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावे लागते. शेजाऱ्याची गोळी बघून आपण सुरू करायची नाही.

माझ्या ट्रॅकवरच्या बांधवांसाठी दोन शब्द. जूनमध्ये रुळ साठ अंशांपर्यंत तापतो, दुपारी अंग दुखते आणि खिशातून डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन निघते. अंगातले पाणी घामाने गेलेले असते तेव्हा मूत्रपिंड आपल्या आत येणाऱ्या वाहिन्या उघड्या ठेवून कसेबसे तग धरून असते. ही दुखण्याची गोळी नेमकी तीच वाट बंद करते. त्यात जर प्रेशरची आणि लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल, तर एका दुपारीत मूत्रपिंड बसू शकते. आमच्या एका सहकाऱ्याचे तसे झाले. वेळेवर सलाइन मिळाले म्हणून सावरला. उन्हात घाम गाळणाऱ्याने मिठाची शिकंजी जरूर प्यावी, ती त्याच्या हक्काची. पंख्याखाली फाइल लिहिणाऱ्याने त्याची नक्कल करू नये. आणि ‘रोज पाच लिटर पाणी प्या, किडनी धुऊन निघते’ हे जे मोबाइलवर फिरते, त्यात काही अर्थ नाही. निरोगी माणसाने तहानेला पाणी प्यावे, मुतखड्याचा त्रास असेल तर जास्त प्यावे. बाकी मूत्रपिंड म्हणजे नाला नव्हे, जेटिंग मशीन लावून साफ करायला.

जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, सगळे मिळून. आपल्याकडच्या पाहण्यांत ते आठ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्तच आले आहे. घरी चौघे असू आणि किलोभर मिठाची पिशवी महिन्याच्या आत संपत असेल तर हिशोब आपणच करावा. त्यात शेव, फरसाण, ब्रेड, बाहेरची भाजी यांतले मीठ मोजलेलेच नाही.

दादाला शेवटी वहिनीने किडनी दिली. २०२३ च्या फेब्रुवारीत. दोघांना शेजारच्या खोल्यांत ठेवले होते. काचेबाहेरून मी दादाच्या पलंगाला लटकवलेल्या पिशवीकडे पाहत होतो. ती भरत होती. सिस्टर दर तासाला मोजून कागदावर लिहायची आणि तेवढेच सलाइन चढवायची. सव्वा वर्षात पहिल्यांदा दादाला पाणी मोजून न देता, मागेल तेवढे द्यायचे होते. तिसऱ्या दिवशी त्याने पूर्ण ग्लास मागितला आणि प्यायच्या आधी विचारले, ‘तिचे प्रेशर किती आहे?’

मंडपाच्या डाव्या बाजूला, प्रसादाच्या टेबलाजवळ आपल्या सभासद डॉक्टर ताई प्रेशरचे यंत्र आणि लघवी तपासायच्या पट्ट्या घेऊन बसल्या आहेत. पट्टीला दोन मिनिटे लागतात. प्रेशर मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसायचे, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. मोजताना बोलायचे नाही. १४०/९० च्या वर आले तर ‘धावत आलो’ म्हणू नका. दोन वेगळ्या दिवशी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांकडे जा. लघवीत प्रथिन दिसले तर प्रेशर नसले तरी जा. आरती साडेसातला आहे, त्याआधी पन्नास जण सहज होतील. पहिला नंबर माझा लावला आहे. त्याच्या पाठोपाठ दादा आणि वहिनी बसले आहेत, त्यांच्या मागे रांग लावावी.